गव्हाच्या बिअरचा हिवाळा

सोलापुरात थंडी पाहुण्यासारखी येते. दिवाळीचे कंदील उतरले की पहाटे रेल्वेच्या क्वार्टरांवर धुराचा पातळ थर तरंगू लागतो, बायका शाल पांघरून दूध घ्यायला येतात, आणि दुपारी बाराला ऊन पुन्हा आपलं मूळ रूप दाखवतं. पण ते आठ-दहा आठवडे गव्हाला पुरतात. उन्हाळ्यात भिजवलेला गहू संध्याकाळपर्यंत आंबतो. थंडीत तो शांतपणे मोड काढतो.

काल मी परातीत गहू भिजत घातला. कशासाठी, ते घरात कोणी विचारलं नाही. उद्या तो उपसून ओल्या पंच्यात बांधेन. तिसऱ्या दिवशी पंचा उघडला की नुकत्याच चिरलेल्या काकडीचा वास येईल. मोड आलेल्या गव्हाला काकडीचा वास येतो हे मला कोणी सांगितलेलं नाही. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मीच ते एका माणसाला सांगितलं होतं.

आम्ही ख्रिस्ती. आमच्या घरी नाताळसाठी आल्याची वाइन व्हायची. आलं, साखर, मनुका, लिंबाची साल आणि रंग धरावा म्हणून मूठभर गहू. बरणी आईच्या पलंगाखाली असे. परमिट वगैरे अर्थातच काही नव्हतं. शेजारच्या काकूंना त्या बरणीत काय आहे ते पक्कं माहीत होतं. सर्दी झाली की त्या वाटी घेऊन येत आणि म्हणत, "तुमच्या त्या औषधाचे दोन चमचे द्या हो." सर्दी त्यांना डिसेंबरात फार होई.

आई नर्स आहे. तिच्या पाळ्या वाढल्या तेव्हा बरणी माझ्याकडे आली. मी पंधरा वर्षांची होते. मला ते काम आवडलं, कारण त्यात बोलावं लागत नाही. बरणीला कान लावायचा, आत बुडबुडे फुटताना ऐकायचे, फडकं सैल करून वास घ्यायचा. इंग्रजी शाळेत आम्हाला पाहुण्यांपुढे काय बोलायचं ते नीट शिकवलं होतं, आणि मी त्या शिकवणीच्या पलीकडे फारशी कधी गेले नाही. कोणी काही दिलं की 'व्हेरी नाइस, थँक यू'. एवढ्यावर माणूस बरीच वर्षं काढू शकतो.

आमच्या वाइनला नावं ठेवणारा एकच माणूस होता, हेक्टर अंकल. पप्पांचे जुने मित्र, अँग्लो-इंडियन, निवृत्त इंजिन ड्रायव्हर. होटगीला स्टेशनच्या पलीकडे त्यांचं कौलारू घर होतं. बायको वारलेली, एकुलता मुलगा कॉलिन आठ वर्षांपासून ऑस्ट्रेलियात. अंकल स्वतः गव्हाची बिअर करत, त्यामुळे दर नाताळात आमच्याकडे आले की ते पाहुणे नसत, परीक्षक असत. एक घोट घेत, डोळे मिटत, आणि सांगत. आलं जून होतं. घाई केलीस, आठ दिवस आधी गाळलंस. साखर दोनदा घातलीस, हो ना? दर वेळी ते बरोबर असत. बाकी सगळे छान म्हणत आणि ते काय खोट काढतात याची मी वाट बघत असे. नाव ठेवण्याजोगं आपल्या हातून काही होतंय, याचा मला मान वाटायचा.

मी एकोणीस वर्षांची असताना वाइन बिघडली. तिला कुबट वास येऊ लागला. अंकल आले, घोट घेतला आणि म्हणाले, उत्तम. आई खूश झाली. मला मात्र ते लागलं. यांनी आपल्याला बरोबरीच्या माणसांतून काढलं, आता आपण कौतुक करायच्या मुलींमध्ये गेलो, असं वाटून मी आत जाऊन उगाच कपडे घडी करत बसले.

पुढच्या दिवाळीनंतर त्यांचा निरोप आला. कॉलिनने पार्सलमधून हॉप्स पाठवले होते, त्यातले घालून बिअर केली आहे, बेबीला चव घ्यायला पाठवा. बेबी म्हणजे मी.

रविवारी दुपारच्या पॅसेंजरने गेले. होटगीपर्यंतचा प्रवास इतका लहान की पुस्तक उघडावं आणि मिटावं. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं अजून दुधात यायची होती. अंकल ओट्यावरच होते. त्यांनी आधी मला हॉप्स दाखवले. बिस्किटांच्या डब्यात फिकट हिरवी, कागदी पाकळ्यांची बोंडं. तळहातावर चुरडली की हळदीसारखी पिवळी पूड बोटांना लागते. बिअरला कडवटपणा आणि वास या बोंडांनी येतो. इतकी वर्षं ते हॉप्सवाचून, कडू काडेचिराइताची चिमूट घालून भागवत होते.

मग त्यांनी बाटली उघडली. बिअर गढूळ सोनेरी, बघायला सुंदर. पण फेस आला आणि लगेच बसला, साबण संपलेल्या पाण्यासारखा. त्यांनी ग्लास नाकाशी धरला, बराच वेळ धरला, आणि माझ्या हातात दिला.

आमचं बोलणं नेहमी इंग्रजीत होई, इथे मी ते मराठीत लिहिते आहे. मी घोट घेतला आणि म्हटलं, नाइस.

अंकल म्हणाले, "नाइस शाळेतल्या सिस्टरना सांगायचं. मला चव सांग."

मी दुसरा घोट घेतला. सुरुवातीला संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी लागलं, मग गव्हाचा गोडवा, मग चांगला स्वच्छ कडवटपणा. आणि सगळं गिळून झाल्यावर जिभेच्या मुळाशी एक चिकट, ओळखीची चव उरली, लहानपणी नाक दाबून प्यायलेली. इंग्रजी शब्द सुचेना. इंग्रजी वाक्याच्या मध्येच मी मराठीत म्हटलं, "खवट."

अंकलच्या घरी काम करणाऱ्या शेवंताबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना आमच्या बोलण्यातला तेवढा एकच शब्द कळला.

"तेलाचं आसंल," त्या म्हणाल्या. "गव्हाला तेल लावलंय की."

शेवंताबाई कुंभारीच्या. गहू त्यांनीच गावाकडून आणला होता आणि कोणत्याही नीट बाईने करावं तसं कोठीत भरण्याआधी त्याला एरंडेल चोळलं होतं. अंकल त्यांच्याशी मराठीत बोलत, पण क्रियापदं हिंदीची असत. त्यांनी विचारलं, बोला का नाही आपने?

"आता गव्हाला तेल लावत्यात ह्ये बी सांगायचं व्हय साहेब? न लावून वरीसभर किडं खायचं का?" शेवंताबाईंनी सूप आपटलं आणि त्या उरलेले तांदूळ घेऊन अंगणात गेल्या.

अंकल ग्लासकडे बघत राहिले. म्हणून फेस धरत नव्हता तर. मग म्हणाले, वंगण इंजिनाला घालतात, बिअरला नव्हे. मी हसले. ते हसले नाहीत.

मला वाटलं त्यांना राग आला. तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. दूध. शेवंताबाई स्टोवर ठेवून विसरल्या होत्या. मी थोडा वेळ थांबले, कारण दुसऱ्याच्या घरात आपण उठू नये. वास वाढला. मी म्हटलं, अंकल, दूध करपतंय.

त्यांनी विचारलं, "कुठलं दूध?"

स्वयंपाकघर तीन पावलांवर होतं. दारातून निळा धूर बाहेर येत होता आणि अंकलची पाठ त्याच्याकडे होती. मी आत गेले, स्टो बंद केला, पातेलं मोरीत ठेवलं. बाहेर आले तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. मला कळलंय, हे त्यांना कळलं होतं.

दीड वर्ष झालं होतं. एक मोठा ताप आला, उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. पहिले काही महिने त्यांना सर्दीच वाटली. आता जिभेला गोड, खारट, कडू, आंबट एवढं सरसकट कळे, त्याच्या आतलं काही नाही. आमची बिघडलेली वाइन त्यांनी उत्तम म्हटली होती ती यामुळे. वर्षभर जपून ठेवलेला माझा रुसवा एका क्षणात निकामी झाला आणि मला थोडी लाजही वाटली.

"कॉलिन नाताळला येतोय," ते म्हणाले. "हे घर विकून मला घेऊन जायचं त्याच्या मनात आहे. मी लिहिलंय, ये, मी कसा राहतो बघ, माझी बिअर पी, मग बोल. त्याला हे कळलं तर बोलायचं काही उरत नाही. एकटा म्हातारा, घरात स्टो, आणि नाक नाही. तुझ्या आईला सांगू नकोस. ती नर्स आहे."

मी मान हलवली. वचन देण्याची माझी तीच पद्धत होती.

त्यानंतरचे सगळे रविवार मी होटगीला गेले. बाजारातून बिनतेलाचा गहू आणला. शेवंताबाईंनी त्या पोत्याकडे असं बघितलं की जणू घरात परकी माणसं राहायला आली. "पोरकिडं पडतील तवा मला बोलवू नगा," एवढंच म्हणाल्या. गहू भिजवला, मोड आणले, पत्र्यावर उन्हात वाळवला. मग तो तव्यावर मंद भाजायचा. इथे माझं काम असे. खमंग वास सुटला की मी 'आता' म्हणायचं आणि त्यांनी तवा खाली घ्यायचा. अर्धा मिनिट उशीर झाला तर करपट. अंकल उलथनं घेऊन माझ्याकडे असे बघत राहत, जसे एके काळी सिग्नलच्या हाताकडे बघत असतील. गाडीत बेअरिंग तापलं की तेलाच्या वासावरून कळायचं, म्हणाले. आयुष्यभर नाकावर गाडी चालवली आणि कधी त्याचे आभार मानले नाहीत.

भाजलेला गहू भरडून गरम पाण्यात भिजवणं, पंच्यातून गाळणं, हॉप्स घालून उकळणं, नवी पेठेच्या पलीकडच्या बेकरीतून आणलेलं यीस्ट घालणं. प्रत्येक टप्प्यावर ते विचारत, आता कसा येतोय? मी सुरुवातीला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे वासाचे इंग्रजी शब्द चार-पाचच आहेत. शाळेने बाकी पुष्कळ दिलं होतं. पण कुबट, उग्र, हिरवट, करपट, ओशट हे सगळे शब्द आईच्या स्वयंपाकघरातून आले होते आणि मी ते कधी मोठ्याने वापरले नव्हते. अंकलना ते सगळे हवे असत. मी सांगे, संत्र्याची साल नखाने खरवडली की येतो तसा. त्याच्या मागे ओल्या कडब्याचा. आणि अगदी खाली, लक्ष दिलं तर, कडुनिंबाच्या फुलांचा. ते पुटपुटत पाठ करत, इंग्रजीत बदलून, परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं करतात तसे. येताना गाडीत माझा घसा दुखे. इतकं बोलायची मला सवय नव्हती.

शेतातून तेव्हा हुरड्याचा धूर येत असे. कणसं भाजल्याचा वास स्टेशनपर्यंत पोचायचा. मी तोही सांगायची. एकदा ते म्हणाले, थांब, हा मला आठवतो. आणि बराच वेळ डोळे मिटून बसले.

नाताळच्या आदल्या रविवारी मी पोचले तेव्हा अंकल टेबलाशी पाइप भरत बसले होते. ओट्यावर पाय ठेवताच मला रॉकेलचा वास आला. साधा नव्हे, डोळ्यांत जाणारा. टेबलाजवळचा स्टोच्या रॉकेलचा डबा बुडाशी गंजला होता आणि रॉकेल झिरपत टेबलाखाली, त्यांच्या सपातांखाली आलं होतं. त्यांनी काडेपेटीतून काडी काढली. मी चालत जाऊन ती काडेपेटी त्यांच्या हातातून घेतली. मोठ्या माणसाच्या हातातून मी तोवर काही घेतलं नव्हतं. ते हसले, म्हणाले, तुलाही तंबाखू आवडत नाही का? मी 'नाही' म्हटलं. मग शेवंताबाईंना हाक मारली आणि आम्ही दोघींनी जमीन पुसली. काय सांडलं होतं ते अंकलना सांगितलं. किती, ते सांगितलं नाही. काडीचं तर नाहीच. परतीच्या गाडीत काडेपेटी माझ्या हातातच राहिल्याचं लक्षात आलं.

कॉलिन आला. उंच, उन्हाने लालबुंद झालेला, वडिलांसारखेच मोठे हात. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे होटगीला जेवायला गेलो. अंकलनी बाटली उघडली आणि या वेळी फेस उभा राहिला, ग्लासच्या काठावर घट्ट, पांढरा. कॉलिनने घोट घेतला, ग्लास उजेडात धरला आणि पुन्हा घोट घेतला. मग त्याने विचारलं, डॅड, हे केलंत कसं?

अंकलनी ग्लास नाकाशी नेला. संत्र्याची साल, ते म्हणाले, नखाने खरवडलेली. मागे ओला कडबा. आणि खाली, लक्ष दिलंस तर, कडुनिंबाची फुलं.

कॉलिन टेबलावर हात मारून हसला. "नाक अजून तसंच आहे तुमचं." पप्पांनी वा वा केलं. आईसुद्धा कौतुकाने बघत होती. माझे शब्द टेबलाभोवती फिरत होते आणि माझ्या बोलण्याचं इतकं कौतुक त्याआधी कधी झालं नव्हतं. मी खाली बघून भात कालवत राहिले.

जेवणानंतर कॉलिन ओट्यावर माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याने हळू आवाजात विचारलं, "तू दर रविवारी येतेस, डॅडनी लिहिलं होतं. खरं सांग, ते इथे एकटे ठीक आहेत ना? तू ठीक म्हणालीस तर मी त्यांचं तिकीट परत करतो."

'हो' हा फार सोपा शब्द होता. तो माझ्या तोंडात तयार होता. आत अंकलचं हसणं ऐकू येत होतं. मला टेबलाखालची ती ओल दिसत होती, आणि त्या ओलीवर ठेवलेल्या सपाता.

मी आत गेले आणि अंकलच्या खुर्चीसमोर उभी राहिले. सगळ्यांनी वर बघितलं, कारण मी अशी कधी कोणासमोर उभी राहत नाही. मी मराठीत म्हटलं, "अंकल, कॉलिन विचारतोय. तुम्ही सांगता की मी सांगू?"

अंकल माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग होता का, हे मी पुढे पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला, अगदी सावकाश, आणि दारात आलेल्या मुलाला इंग्रजीत सांगितलं, "मला वास येत नाही, बेटा. दीड वर्ष झालं. ते सगळं तिने सांगितलेलं होतं."

कॉलिन स्वयंपाकघरात गेला, स्टोपाशी उभा राहिला, परत आला आणि वडिलांच्या खुर्चीच्या हातावर बसला. आई उठून भांडी गोळा करू लागली. शेवंताबाईंनी हळूच विचारलं, काय झालं, आणि मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तरीच. म्या म्हंते, विटल्या वरणाला बी हा मानूस नाव कसं ठिवत न्हाय."

घर मार्चमध्ये विकलं गेलं. जानेवारीतले दोन रविवार मी गेले तर शेवंताबाई दारातच म्हणाल्या की साहेब झोपलेत. दुपारच्या त्या वेळी अंकल कधी झोपत नसत. मी ओट्यावर गाडीच्या वेळेपर्यंत बसले आणि परत आले. तिसऱ्या रविवारी दार उघडं होतं. त्यांनी मला उरलेला हॉप्सचा डबा दिला, मोड आलेला गहू कसा वाळवायचा ते पुन्हा एकदा सांगितलं, जणू मला येतच नव्हतं.

मी केलं ते बरोबर होतं का? आई म्हणते, शंभर टक्के. पप्पा म्हणतात, एवढं मनाला लावून घेऊ नये. मला दोघांचं पटतं आणि दोघांच्या उत्तराने काही होत नाही. एक माणूस आपल्या घरात सुखाने जळून मेला असता किंवा मेला नसता. त्याऐवजी तो दूरच्या एका शहरात, मुलाच्या घरात खिडकीशी बसतो. पत्रं येतात. तिकडे थंडी जूनमध्ये पडते, म्हणे, आणि गव्हाला कोणी तेल लावत नाही. नातवंडांना वास सांगता येत नाहीत, असं एका पत्रात होतं. त्यांना फक्त चांगला आणि वाईट एवढेच कळतात.

ते गेले त्या दिवशी आम्ही सोलापूर स्टेशनवर गेलो होतो. शेवंताबाई होटगीहून त्यांच्याबरोबरच आल्या होत्या आणि पदर तोंडाशी धरून सामानावर बसल्या होत्या. एप्रिलचं ऊन फलाटावर आडवं पडलं होतं. मुंबईची गाडी यायला दहा मिनिटं होती. पप्पा हमालाशी बोलत होते. अंकलनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "कसा येतोय?"

मी सांगू लागले. तापलेल्या रुळांचा. कोळशाचा, पण शिळ्या, कालच्या कोळशाचा. शेजारच्या कुटुंबाच्या डब्यातल्या शेंगाचटणीचा, लसूण जास्त झालाय. ओल्या गोणपाटाचा. कोणीतरी मोगरा माळलाय, पण तो दुपारचा, मिटत आलेला. ते डोळे मिटून ऐकत होते, दर शब्दाला किंचित मान हलवत. गाडीची घंटा झाली.

"आणि माझा?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या अंगाला नेहमी कोळशाचा, पाइपचा आणि भाजलेल्या गव्हाचा वास यायचा. मी जवळ झाले. नवी पेठेत शिवलेला सूट होता, पहिल्यांदाच घातलेला. त्यांना काय ऐकायचं होतं ते मला माहीत होतं.

"तुमचा येत नाहीये, अंकल," मी म्हटलं. "नुसता नव्या कापडाचा येतोय."

त्यांनी सवयीने बाही नाकाशी नेली, मग खाली घेतली. गाडी फलाटाला लागत होती. त्यांनी कोट काढला, घडी घालून हातावर टाकला, आणि नुसत्या शर्टात डब्यात चढले.